निष्ठेची परीक्षा आणि हिशेबाचा प्रश्न

इंडोनेशियाच्या भ्रष्टाचार निर्मूलन आयोगाने, ज्याला इथे लहानथोर सगळे 'कापेका' या आद्याक्षरांनीच ओळखतात, ३० सप्टेंबर २०२१ रोजी आपल्या ५७ कर्मचाऱ्यांना सेवेतून कमी केले. त्यांनी लाच घेतली, कागद गहाळ केले किंवा कामात कुचराई केली, असा आरोप कोणी केलेला नव्हता. 'राष्ट्रीय दृष्टिकोन चाचणी' नावाच्या एका परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले, एवढेच कारण देण्यात आले. मी मूळची बेळगावच्या वडगावची, विणकराच्या घरातली, आणि गेली अनेक वर्षे जकार्तात एका वस्त्रोद्योग कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी करते. त्या महिन्यात इथल्या सामान्य माणसांची निराशा मी जवळून पाहिली, आणि त्याच महिन्यात घरून फोनवर बेळगावची चर्चाही रोज ऐकत होते. या दोहोंमधले अंतर मला तेव्हापासून अस्वस्थ करीत आले आहे, आणि ते सीमाभागातल्या माझ्या माणसांपुढे मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

काढून टाकलेल्यांत नोव्हेल बास्वेदान होते. मूळचे पोलीस अधिकारी असलेले हे गृहस्थ आयोगात आले आणि देशातले सर्वांत नावाजलेले तपास अधिकारी ठरले. इलेक्ट्रॉनिक ओळखपत्रांच्या योजनेत सरकारचे सुमारे २ लाख ३० हजार कोटी रुपिया, म्हणजे आपल्या हिशेबाने हजार कोटी रुपयांहून अधिक, लुबाडले गेल्याचे प्रकरण त्यांच्या पथकाने खणून काढले, आणि त्यात संसदेचे माजी सभापती सेत्या नोवांतो यांना एप्रिल २०१८ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली. तो तपास चालू असतानाच, ११ एप्रिल २०१७ रोजी पहाटेची नमाज आटोपून घरी परतणाऱ्या बास्वेदान यांच्या चेहऱ्यावर मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी ॲसिड फेकले आणि त्यांचा डावा डोळा कायमचा गेला. तीन वर्षांनी त्या दोघांना, जे नोकरीत असलेले पोलीसच निघाले, अनुक्रमे दोन वर्षे आणि दीड वर्ष अशी शिक्षा झाली. सरकारी वकिलांनी मागितली होती फक्त एक वर्षाची. असा हा माणूस एका प्रश्नपत्रिकेत नापास झाला.

त्या परीक्षेचे मूळ २०१९ च्या कायदा दुरुस्तीत आहे. त्यापूर्वी आयोगाचे कर्मचारी सरकारी नोकरशाहीच्या बाहेरचे होते, आणि त्यांची खरी ताकद त्यातच होती. दुरुस्तीने त्यांना सरकारी सेवक करायचे ठरवले आणि मग सरकारी सेवकाला राष्ट्रनिष्ठा हवी म्हणून ती तपासण्याची टूम निघाली. १,३५१ जणांनी परीक्षा दिली आणि ७५ जण अनुत्तीर्ण ठरले. त्यांत मोठमोठ्या प्रकरणांचे तपास हाती असलेल्यांची संख्या पाहिली की ही चाळणी कोणत्या बाजूने लावली होती, हे लपत नाही. महिला कर्मचाऱ्यांना लग्न अजून का झाले नाही, दुसरी बायको व्हायला तयार आहात का, असे प्रश्न विचारले गेल्याचे इथल्या वर्तमानपत्रांत छापून आले, तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, आयुष्यभर पावत्या आणि ताळेबंद तपासत आलेल्या सहकारी बाईंनी तो अंक आम्हा सर्वांसमोर वाचून दाखवला आणि नंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने या परीक्षेत अकरा प्रकारे हक्कभंग झाल्याचा अहवाल दिला आणि लोकपालांनी तीत प्रशासकीय गैरव्यवहार दाखवून दिले, तरी बडतर्फी टळली नाही.

इथल्या लोकांची निराशा समजून घ्यायची तर त्यामागची वर्षे पाहावी लागतात. २००९ मध्ये एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने आयोगाला पाल आणि पोलिसांना मगर म्हटले, आणि पुढे आयोगाच्या दोन उपाध्यक्षांना अटकही झाली. तेव्हा फेसबुकवर त्यांच्या पाठिंब्याला दहा लाखांहून अधिक लोक जमले, आणि पालीचे चित्र असलेले सदरे घालून माणसे रस्त्यावर उतरली. २०१२ मध्ये संसद आयोगाच्या नव्या इमारतीला पैसे मंजूर करीना, तेव्हा लोकांनी नाणी गोळा करून दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या एका रात्री पोलीस बास्वेदान यांना अटक करायला आयोगाच्या दारात आले असता नागरिकांनी इमारतीभोवती उभे राहून त्यांना अडवले. २०१९ च्या दुरुस्तीविरुद्ध देशभर विद्यार्थी उठले आणि केंडारी शहरात दोन विद्यार्थी प्राणाला मुकले. म्हणजे ज्या संस्थेतून त्या ५७ जणांना घालवले, ती लोकांनी नाण्यानाण्याने, रात्री जागवून आणि रक्त सांडून आपली केलेली होती. म्हणूनच २०२१ च्या सप्टेंबरात आयोगाच्या जुन्या इमारतीपुढे कार्यकर्त्यांनी 'आपत्कालीन कार्यालय' थाटले आणि लोक राष्ट्राध्यक्षांच्या नावाने पत्रे लिहून तिथल्या पेटीत टाकू लागले. बडतर्फ झालेल्यांपैकी कायदा विभागातल्या एकाने पुढच्याच महिन्यात बेकासीत नासी गोरेंगची, म्हणजे परतलेल्या भाताची, गाडी टाकली. माणसे मुद्दाम वाट वाकडी करून तिथे जेवायला जाऊ लागली.

आता त्याच महिन्यातले बेळगाव. ३ सप्टेंबर २०२१ ला महापालिकेचे मतदान झाले, ६ तारखेला निकाल लागला, ५८ पैकी ३५ जागा भारतीय जनता पक्षाला मिळाल्या आणि सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीची पीछेहाट झाली. त्यानंतर कित्येक आठवडे घरच्यांशी, मैत्रिणींशी, माहेरच्या गल्लीतल्या मंडळींशी झालेले प्रत्येक बोलणे याच एका विषयाभोवती फिरत होते. मराठी मते कोणी फोडली, समितीचे नेते एकत्र का आले नाहीत, आदल्या डिसेंबरात महापालिकेसमोर लावलेला कन्नड अस्मितेचा लाल-पिवळा ध्वज आता कायमचा तिथेच राहणार का, कोण खरा मराठी आणि कोण विकला गेला. हे प्रश्न क्षुल्लक आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करताना आणि १ नोव्हेंबरला काळ्या फिती लावून मूक फेरीत चालताना मोठी झालेली मी आहे. माझ्या आईवडिलांच्या पिढीने या प्रश्नासाठी काय सोसले ते मला ठाऊक आहे, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा लवकर सुनावणीस यावा असे मलाही मनापासून वाटते. परंतु त्या सबंध चर्चेत मी एक प्रश्न ऐकण्याची वाट पाहत होते, आणि तो कोणीच विचारला नाही. मार्च २०१९ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपल्यापासून नगरसेवकांविना चाललेल्या महापालिकेच्या कारभारात कोणती कामे निघाली, त्यांची बिले कोणी मंजूर केली आणि ती कोणी तपासली?

माझे म्हणणे एवढेच आहे की, जकार्तात जी निष्ठेची परीक्षा एका सरकारने एका संस्थेवर लादली, ती आपल्या सीमाभागात आपण सगळे मिळून एकमेकांवर वर्षानुवर्षे लादत आलो आहोत, आणि तिने बडतर्फ केला आहे तो हिशेबाचा प्रश्नच. मराठी माणसाने कारभाराचा जाब विचारला की समोरून 'नाडद्रोही', म्हणजे कन्नड भूमीचा द्रोही, हा शिक्का मारला जातो. आपल्यापैकी कोणी, सीमाप्रश्न क्षणभर बाजूला ठेवून या गटारीचे पैसे कुठे गेले ते पाहू, असे म्हटले की आपल्याच माणसांकडून त्याला गद्दार ठरवले जाते. दोन्ही शिक्क्यांचा उपयोग मात्र एकाच माणसाला होतो, आणि तो ज्याने पैसे खाल्ले त्याला.

याचे सर्वांत बोचरे उदाहरण मला आपल्याच घोषणेत सापडते. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा आपल्याला बोलता येऊ लागल्यापासून पाठ आहे. त्यातल्या कारवारमध्ये २०१० साली काय घडले, ते आपल्याकडे किती जणांना आठवते? कारवार ज्याचे मुख्य ठिकाण आहे, त्या उत्तर कन्नड जिल्ह्यात अंकोल्याजवळ बेलेकेरी बंदर आहे. बळ्ळारीकडून बेकायदा आलेले लोहखनिज तिथे लाखो टनांनी साठवले जात होते, वनखात्याने ते जप्त केले, आणि जप्त केलेला तो माल बंदरातून परस्पर परदेशी रवाना झाला. या जप्तीमागे उभे असलेले उपवनसंरक्षक आर. गोकुळ यांनाच जून २०१० मध्ये निलंबित करण्यात आले. त्याचा निषेध म्हणून कर्नाटकचे लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी २३ जून रोजी राजीनामा दिला. बंगळूरमध्ये नागरिक हळहळले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, हेगडे यांची मनधरणी झाली आणि ३ जुलैला त्यांनी राजीनामा मागे घेतला. जुलै २०११ मध्ये त्यांनी दिलेल्या अहवालात राज्याचे १६,०८५ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे मांडले होते, आणि त्यानंतर काही दिवसांतच मुख्यमंत्री येडियुराप्पा यांना पद सोडावे लागले, जरी पुढे २०१६ मध्ये खाणप्रकरणाशी निगडित खटल्यात न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. बेलेकेरीच्या प्रकरणात तर २०२४ च्या ऑक्टोबरात विशेष न्यायालयाने कारवारच्या त्या वेळच्या आमदारांना सात वर्षांची शिक्षा सुनावली, आणि उच्च न्यायालयाने ती अपिलाच्या सुनावणीपर्यंत स्थगित केली.

ज्या कारवारवर आपण हक्क सांगतो, तिथल्या बंदरातून चोरीचे खनिज जहाजांत भरून जात होते आणि ते अडवणाऱ्या अधिकाऱ्याला घरी बसवले गेले होते. तरी बेळगावात त्यासाठी एखादा मोर्चा निघाल्याचे किंवा कॉलेज रोडवर कोणी फलक घेऊन उभे राहिल्याचे मला आठवत नाही. त्याच पावसाळ्यात केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाविषयी दिलेल्या प्रतिज्ञापत्रावर मात्र आपल्याकडे संतापाचा डोंब उसळला होता, आणि तो संताप योग्यच होता. पण कारवार आपले आहे म्हणायचे आणि कारवारच्या चोरीचे दुःख मात्र बंगळूरकरांनी करायचे, हे मला पटत नाही.

लोकायुक्त ही संस्था आपण कधी आपली मानली नाही, याचे कारण ती कर्नाटक सरकारची, असा आपला सरधोपट समज आहे. वस्तुतः ती सरकारवर लक्ष ठेवण्यासाठी आहे. १९८४ च्या कायद्याने ती स्थापन झाली आणि १९८६ पासून काम करू लागली. तिच्याकडे स्वतःचे पोलीस दल होते, म्हणून ती तक्रार नोंदवून घेऊ शके, धाड घालू शके, सापळा लावू शके. महाराष्ट्रात लोकायुक्तांचा कायदा त्याहून आधीचा, १९७१ चा. पण त्या कायद्याखालच्या लोकायुक्तांपाशी शिफारशी करण्यापलीकडे फारसे काही नव्हते आणि स्वतःचे पोलीस तर नव्हतेच. हे वाचून आपल्यापैकी काहींना राग येईल याची मला कल्पना आहे. तरीही सांगितले पाहिजे की, सीमाभागातल्या मराठी शेतकऱ्याच्या हातात लाचखोर कारकुनाविरुद्ध जे हत्यार होते, ते कोल्हापूरच्या शेतकऱ्याला त्याच्या लोकायुक्तांकडून मिळत नव्हते.

ते हत्यार १४ मार्च २०१६ रोजी बोथट करण्यात आले. त्या दिवशीच्या आदेशाने राज्य सरकारने वेगळा भ्रष्टाचार प्रतिबंधक विभाग काढला, तो थेट सरकारच्या हाताखाली ठेवला आणि लोकायुक्त पोलिसांचे अधिकार काढून घेतले. लोकायुक्त खुर्चीवर राहिले, दारावरची पाटी राहिली, पण तपास करणारा हातच छाटला गेला. हा विभाग ११ ऑगस्ट २०२२ रोजी उच्च न्यायालयाने रद्द केला आणि अधिकार पुन्हा लोकायुक्त पोलिसांकडे आले, त्यालाही कोणी राजकीय पक्ष नव्हे, तर न्यायालयात गेलेले वकील आणि नागरिक कारण झाले. मधली सहा वर्षे आपल्याकडे कोणाला चुकल्यासारखे वाटले का? जकार्तात ५७ माणसे गेली तर लोक रस्त्यावर पत्रपेटी घेऊन बसले. आपल्याकडे एक आख्खे पोलीस दल एका कागदाने निकामी झाले, आणि मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांच्या वस्त्यांत त्याची खंत करणारा कोणी मला भेटला नाही.

माझ्या धाकट्या काकांना मात्र ती खंत वाटली, कारण त्यांची तक्रार तेव्हा अधांतरी होती. वडगाव शिवारातल्या आमच्या शेताच्या उताऱ्यावर आजोबांच्या पश्चात वारसा नोंद लावायची होती आणि संबंधित कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने त्यासाठी पैसे मागितले. काका आयुष्यात कधी कोणाशी भांडलेले नव्हते, पण या वेळी ते इरेला पेटले आणि त्यांनी तक्रार दिली. सापळा कसा लावतात, हे मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकले आहे. नोटा तक्रारदारानेच आणायच्या असतात, म्हणून त्यांनी काकूंच्या कपाटातल्या भिशीच्या नोटा नेल्या. प्रत्येक नोटेचा क्रमांक पंचांसमोर लिहून घेतला गेला, तीवर फिनॉल्फ्थेलिनची पांढरी पूड लावली गेली, आणि मागितल्याशिवाय नोटांना हात लावायचा नाही, असे काकांना दोनदोनदा बजावले गेले. पैसे हातात पडल्यावर आत शिरलेल्या पोलिसांनी त्या कर्मचाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली आणि पाणी गुलाबी झाले. ते पाणी बाटलीत भरून, लाखेची मोहोर लावून ठेवले गेले. काका म्हणतात की, इतक्या बारकाईने आणि इतक्या शांतपणे काम करणारी सरकारी माणसे त्यांनी त्याआधी पाहिली नव्हती.

नंतरची गोष्ट वेगळी आहे. ज्या तपास अधिकाऱ्याच्या भरवशावर काका तिथवर गेले होते, त्यांची बदली झाली. नवे आले, त्यांचीही बदली झाली. मग अधिकारच दुसऱ्या विभागाकडे गेले आणि आपल्या कागदांचे काय झाले हे कोणाला विचारायचे, तेच काकांना उमगेना. जबाब कन्नडमध्ये लिहिलेला होता, तो कोणी तरी वाचून दाखवला आणि त्यांनी सही केली. कोर्टात उलटतपासणीत त्यातल्या एकेका शब्दावर त्यांना अडवले गेले. परंतु काकांना सर्वांत जास्त लागले ते आपल्या माणसांचे बोलणे. गल्लीत पहिला प्रश्न विचारला गेला तो, तो कर्मचारी कन्नड होता ना? तो मराठी आहे, हे कळल्यावर, आपल्याच माणसाला कशाला अडकवलंस, असे म्हणणारे लोक आमच्या ओट्यावर येऊन बसले. ज्यांनी आधी पाठ थोपटली होती, तेही मिटवून टाक म्हणू लागले. काकांनी शेवटी साक्ष दिली आणि ती फिरवली नाही, पण त्यानंतर ते कोणाच्या कोणत्याही अर्जावर सही करीत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी असा निर्णय दिला आहे की, तक्रारदार उलटला किंवा हयात नसला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून लाचेची मागणी सिद्ध होऊ शकते. न्यायालयाला असे सांगावे लागते, यावरूनच किती तक्रारदार वाटेत गळतात ते कळावे.

इथे आपल्या आणि इंडोनेशियाच्या परिस्थितीतला एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. जकार्तात अधिकाऱ्यांना बडतर्फ केले गेले, म्हणून लोकांना रागावण्यासाठी एक तारीख मिळाली, नावे मिळाली, दाद मागण्यासाठी एक आदेश मिळाला. आपल्याकडे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याला कोणी बडतर्फ करीत नाही. लोकायुक्तांना काढायचे तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत ठराव करावा लागतो, त्यामुळे ती खुर्ची सुरक्षित आहे. पण त्यांच्या हाताखालचे निरीक्षक, उपअधीक्षक, अधीक्षक हे राज्य पोलीस दलातून आलेले असतात आणि त्यांना परत बोलावायला एक साधा बदलीचा आदेश पुरतो. त्यात कारण लिहावे लागत नाही. अधिकाऱ्याचा पगार चालू राहतो, बढतीही मिळते, दुसऱ्या दिवशी निरोप समारंभात हार घातले जातात, आणि ज्याची फाईल टेबलावर उघडी होती त्या तक्रारदाराला चार महिन्यांनी कळते की साहेब गेले. बदली झाली की सुटलो, असे आरोपी म्हणतो आणि ते बहुधा खरे ठरते. अशा निराशेला ना दिवस असतो ना चेहरा. ती एकेका घरात मुरत जाते, आणि मग, काम करून घ्यायचे तर द्यावेच लागते, या वाक्याच्या रूपाने पुढच्या पिढीला मिळते.

बेळगावशी निगडित ज्या प्रकरणाने सबंध राज्य हादरले, त्यातही हेच दिसले. हिंडलग्यातल्या सुमारे चार कोटींच्या रस्त्यांच्या कामांच्या बिलावरून एका ठेकेदाराने मंत्र्यांकडून चाळीस टक्क्यांची मागणी होत असल्याचा आरोप केला, आणि एप्रिल २०२२ मध्ये उडुपीत त्याचा मृत्यू झाला. मंत्री ईश्वरप्पा यांनी आरोप नाकारला, तरी राजीनामा दिला, आणि काही महिन्यांत पोलिसांनी पुरावा नसल्याचा अहवाल सादर केला. 'चाळीस टक्के' हा शब्द पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत घरोघरी पोचला, सरकार बदलले, पण लेखी कार्यादेश नसताना एका गावात एवढी कामे कशी झाली आणि ती कोणाच्या तोंडी शब्दावर झाली, हा प्रश्न त्या गावच्या रस्त्यांवरून रोज ये-जा करणाऱ्यांनीही फारसा लावून धरला नाही. चर्चा होती ती कोणत्या पक्षाला फायदा होईल याची.

इंडोनेशियाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तिथले नागरिक हरले. बडतर्फ झालेल्यांपैकी ४४ जणांनी, बास्वेदान यांच्यासह, डिसेंबर २०२१ मध्ये पोलीस खात्यातली नोकरी स्वीकारली, आणि ज्या खात्यातल्या दोघांनी त्यांचा डोळा घेतला तिथेच त्यांना परतावे लागले, हे पाहून इथल्या अनेकांना वाईट वाटले. ज्यांच्या कारकिर्दीत ही परीक्षा झाली, ते आयोगाचे अध्यक्ष फिर्ली बाहुरी यांनाच नोव्हेंबर २०२३ मध्ये पोलिसांनी खंडणीच्या प्रकरणात संशयित ठरवले आणि पुढच्या महिन्यात त्यांना पद गमवावे लागले. जागतिक भ्रष्टाचार निर्देशांकात देशाचे शंभरपैकी गुण २०१९ मधल्या ४० वरून २०२२ मध्ये ३४ वर आले. हे गुण जाणकारांच्या आणि उद्योजकांच्या समजुतीवर बेतलेले असतात, पण समज तरी कशावरून घडते? ज्यांनी नाणी गोळा करून दिली होती, ती माणसे आज त्या लाल-पांढऱ्या इमारतीवरून जाताना मान वर करीत नाहीत. मात्र आपले काय हिरावले गेले, हे त्यांना नेमके सांगता येते. आपल्याला ते सांगता येत नाही, आणि माझ्या मते आपली अवस्था त्यांच्याहून वाईट असण्याचे कारण हेच आहे.

घरच्या मंडळींचा माझ्या म्हणण्यावर नेहमीचा आक्षेप असा की, सीमाप्रश्न सुटला की बाकीचे आपोआप सुटेल, तोवर शक्ती विभागू नये, आणि परदेशात बसून बोलणे सोपे असते. परदेशाबद्दलचे त्यांचे म्हणणे मी मान्य करते, कारण उद्या त्या कार्यालयाची पायरी चढायची आहे ती त्यांना, मला नाही. पण सीमाप्रश्न सुटेपर्यंत थांबायचे, तर १९५६ पासून तीन पिढ्या थांबल्या आहेत आणि त्या काळात खाल्लेले पैसे काही कोणी व्याजासह परत आणून देणार नाही. शिवाय शक्ती विभागते हे खरेच आहे का? हलगा-मच्छे बायपासच्या विरोधात आपल्याच वडगाव, शहापूर, अनगोळ, मजगाव, येळ्ळूरच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. २०२१ च्या नोव्हेंबरात पोलीस बंदोबस्तात उभ्या भातावर यंत्रे चालली, तेव्हा बांधावर आडवी पडलेली माणसे मराठीही बोलत होती आणि कन्नडही, आणि ज्या बासमतीच्या वासावर आपण जीव टाकतो, ते पीक तुडवले जाताना कोणी कोणाला तुझी भाषा कोणती, असे विचारले नव्हते. त्यातल्या कोणाची समितीवरची निष्ठा त्यामुळे कमी झाल्याचे मी ऐकले नाही. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन कसे द्यावे, न्यायालयात चिकाटीने कसे लढावे, एक दिवस पाळायचा तर तो अर्धशतक कसा पाळावा, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. देशात फार थोड्या लोकांना ही विद्या आपल्याइतकी अवगत असेल.

म्हणून माझी मागणी मी शक्य तितकी नेमकी ठेवली आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कानुसार सरकारी कागदपत्रे मराठीतून मिळावीत, असे निवेदन आपण दरवर्षी देतो. त्यात लोकायुक्तांकडे करायच्या तक्रारीचा नमुना, सोबतचे प्रतिज्ञापत्र आणि तक्रारदाराचा जबाब मराठीतूनही असावा, हे कलम घातले पाहिजे, म्हणजे काकांसारख्याला न वाचता सही करावी लागणार नाही. त्याबरोबर, लोकायुक्त पोलिसांतल्या तपास अधिकाऱ्याला ठरावीक मुदत मिळावी, मुदतीआधी बदली करायची तर लोकायुक्तांची लेखी संमती घेऊन कारण जाहीर करावे, आणि चालू असलेल्या प्रकरणाची सूत्रे कोणाकडे गेली हे तक्रारदाराला पंधरा दिवसांत पत्राने कळवावे, अशी मागणी कन्नड भाषिक शेजाऱ्यांसह करावी, कारण बदलीने नाडले गेलेले तक्रारदार दोन्ही भाषांत सारखेच आहेत. या निवेदनाचा मराठी मसुदा मी वडगावच्या मित्रमंडळींकडे पाठवला आहे आणि कन्नड मसुदा आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी लिहायचे कबूल केले आहे. हिवाळी अधिवेशनासाठी आमदार सुवर्ण विधानसौधात येतील, त्याच्या आधी दोन्ही मसुद्यांखाली सह्या गोळा व्हाव्यात, असा आमचा प्रयत्न आहे. काकांनी अजून सही केलेली नाही. मसुदा मात्र त्यांनी मागून घेतला असून, त्यातल्या पंधरा दिवसांच्या जागी आठ दिवस लिहा, असे त्यांनी कळवले आहे.